आधी थोरल्याची बाजू ऐका

यावेळी टपालात आणि मेलमध्ये मिळून कुत्र्यांचीच पत्रं जास्त आली, आणि त्यातली निम्मी तर एकाच घरातनं आल्यासारखी, घरात जुना कुत्रा आहे, नवीन पिल्लू आणलं, आणि आता सगळ्यांचीच रडारड. म्हणून हा अख्खा भाग त्यालाच देऊन टाकलाय. पत्रं लांब होती, कापलीयत, रागावू नका. आणि नेहमीचं एक सांगून ठेवते, मी जनावरांची डॉक्टर नाही, स्वतःचे कुत्रे सांभाळून आणि लोकांचे शिकवून जे कळलं ते सांगते, औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : ताई, आमचा शेरू साडेनऊ वर्षांचा आहे, लॅब्रेडोर, स्वभावाने एकदम गरीब, आजपर्यंत कोणाला चावलेला नाही. मागच्या शनिवारी नऊ आठवड्यांचं पिल्लू आणलं, मुलांनी नाव बिट्टू ठेवलं. आम्हाला वाटलं शेरूला सोबत होईल, हल्ली तो नुसता पडून असतो. दार उघडलं आणि पिल्लू सरळ त्याच्यासमोर सोडलं, म्हटलं घ्या ओळख करून. बिट्टू धावत जाऊन त्याच्या तोंडालाच लागला. शेरूने आधी मान फिरवली, मग उठून दुसऱ्या खोलीत गेला, हे मागोमाग, मग तो कोपऱ्यात अडकला आणि असा काही गुरगुरला की आमच्या अंगावर काटा आला. मिस्टरांनी त्याला ओरडून बाल्कनीत घातलं. तेव्हापासून रोज तेच, पिल्लू याच्या कानाला लटकतं, याच्या भांड्यात तोंड घालतं, याच्या गादीवर झोपतं, हा गुरगुरतो आणि आम्ही ओरडतो. काल त्याने नीट खाल्लं नाही, आज सकाळी हॉलमध्ये शू केली जी गेल्या आठ वर्षांत कधी केली नव्हती. सगळे म्हणतात जेलस झालाय, होईल सवय. मुलगी म्हणते पिल्लू परत देऊन टाका. आम्ही चुकलो का?
— शेरूची आई

उत्तर : चुकलात, पण बहुतेक सगळे असेच चुकतात, आणि एकच आठवडा झालाय म्हणजे काही हाताबाहेर गेलेलं नाही. फक्त आधी मला शेरूची बाजू मांडू द्या, कारण ती तुमच्याच पत्रात लिहिलेली आहे आणि तुम्हालाच दिसली नाहीये. पिल्लू तोंडाला लागलं, त्याने मान फिरवली. ते ऐकेना, तो उठून गेला. तरी मागे आलं, पळायला जागा उरली नाही, तेव्हा कुठे तो गुरगुरला. म्हणजे तीन वेळा सांगितलं त्याने, तेही चढत्या आवाजात, एकदम अंगावर गेला नाही. आणि बाल्कनीत कोण गेलं, तर तोच.

गुरगुरणं म्हणजे कुत्र्याचं "बास झालं हं आता". ते ओरडून बंद पाडलं की राग बंद होत नाही, नुसता आवाज बंद होतो, आणि मग एक दिवस लोक म्हणतात काही न सांगता एकदम चावला. अहो सांगत होता, आपणच सांगू दिलं नाही. तेव्हा मिस्टरांना आजपासून एक काम द्या, शेरू गुरगुरला की शेरूला काही म्हणायचं नाही, पिल्लाला उचलायचं, पलीकडे न्यायचं, तोंडात एखादं खेळणं द्यायचं, विषय संपला. शेरूला हे दिसलं पाहिजे की मी म्हटलं आणि घरच्यांनी ऐकलं. चार-सहा वेळा असं झालं की त्याला जोरात म्हणायची गरज वाटेनाशी होते.

जेलसचं मला काही पटत नाही. तुम्ही दुपारी जरा आडव्या झालायत आणि कोणाचं तरी दोन वर्षांचं पोर छातीवर चढून कान ओढतंय, आणि त्याचे आईबाप समोर बसून "किती गोड" म्हणत फोटो काढतायत, तर तुम्हाला जे वाटेल ते जेलस असतं का? पिल्लू शेरूने मागितलं नव्हतं. त्याला सोबत होईल हे आपण आपल्या मनाला सांगतो. साडेनऊ वर्षांचा लॅब नुसता पडून असतो तो एकटेपणाने पडलेला असेलच असं नाही, बऱ्याचदा त्याचं अंग दुखत असतं.

म्हणून बाकी काही करायच्या आधी याच आठवड्यात डॉक्टर. आठ वर्षं घरात शू न करणारा कुत्रा अचानक करायला लागला तर ते टेन्शनने असू शकतं, पण लघवीचं इन्फेक्शन, किडनी, डायबेटिस याने पण असू शकतं आणि या वयात ते आधी बघायचं असतं, जेलस म्हणून सोडून द्यायचं नसतं. लघवी आणि रक्त तपासून घ्या, सांधे दाखवा, लॅबना कंबरेचं आणि कोपराचं दुखणं फार. जायच्या आधी दोन दिवस नीट बघून कागदावर लिहून न्या, उठताना कंबर ओढत उठतो का, पायरीपाशी थांबून विचार करतो का, गाडीत उडी मारायची सोडलीय का, एकच पाय सारखा चाटतो का. दुखऱ्या कंबरेवर चार किलोचं पिल्लू धपकन येऊन आदळलं तर जगातला सगळ्यात गरीब कुत्रासुद्धा दात दाखवेल. आणि दुखतंय असं वाटलं म्हणून घरातली माणसांची गोळी देऊन बसू नका, आयबुप्रोफेन तर अजिबात नाही, पॅरासिटामॉल पण नाही, कुत्र्यांना ते विषासारखं बाधतं.

त्याच खेपेला बिट्टूलाही दाखवा. पिल्लांमध्ये जंत बऱ्याचदा आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे जंताचं औषध ठरलेल्या दिवशी द्यायचंच, नाहीतर ते शेरूला आणि मुलांनाही जाऊ शकतात. लसींचं असं असतं की आईकडून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे पिल्लाच्या रक्तात असते आणि ती लसीला नीट काम करू देत नाही, ती प्रत्येक पिल्लात नक्की कधी संपते ते सांगता येत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी परत परत टोचतात, 16 आठवड्यांचं किंवा त्याहून थोडं मोठं होईपर्यंत. एक इंजेक्शन झालं म्हणजे झालं असं नसतं. शेरूचे बूस्टर राहिले असतील तर तेही आत्ताच उरकून घ्या.

आता ओळख. ती झालीच नाहीये असं धरून पहिल्यापासून सुरू करायची. तीन-चार दिवस दोघांना समोरासमोर आणूच नका. बेबी गेट लावा, नसेल तर पिल्लाला प्लेपेन म्हणजे छोटं कुंपण किंवा क्रेट म्हणजे झोपायचा पिंजरा, काहीही चालेल, फक्त मधे असं काहीतरी हवं जे शेरूला पार करायची गरज पडणार नाही आणि पिल्लाला पार करता येणार नाही. बिट्टूच्या अंगाखालचं फडकं शेरूच्या खोलीत टाका, शेरूच्या गादीचं कव्हर बिट्टूकडे. पण शेरूच्या गादीवर टाकू नका हं, जरा लांब, त्याचा तो उठून हुंगायला जाईल असं. हुंगून परत येऊन झोपला तर उत्तम. फडक्याकडे टक लावून अंग ताठ करून उभा राहिला तर अजून दोन दिवस थांबा.

मग बाहेर भेटवायचं, घरात नाही. घर त्याचं आहे, बाहेरची मोकळी जागा कोणाचीच नसते. दोन माणसं, दोन पट्टे, एकाच दिशेने चालायचं, मधे आठ-दहा पावलांचं अंतर, समोरासमोर आणायचंच नाही. कुत्री एकमेकांना नीट भेटतात ती अशी बाजूने, नाकाला नाक लावून भेटणं ही माणसांची हौस आहे. दहा मिनिटं चाललात आणि दोघं जमीन हुंगायला लागले, एकमेकांकडे बघून परत नजर वळवायला लागले, की अंतर हळूहळू कमी करा. पट्टा सैल ठेवा, याबाबतीत मी जरा कटकट करते कारण आपण घाबरलो की हात आपोआप पट्टा आवळतो, आणि गळ्याशी ताण आला की कुत्र्याला कळतं की काहीतरी गडबड आहे, नसलेली गडबड मग सुरू होते. बिट्टूच्या लसी व्हायच्यात त्यामुळे जिथे अनोळखी कुत्री येतात तिथे त्याला जमिनीवर सोडू नका, पार्वो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा व्हायरस मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. स्वतःचं अंगण, गच्ची, ओळखीच्यांचं बंद आवार, जिथे आजारी कुत्रं येऊन गेलेलं नाही अशी जागा बघा, आणि ते नसेलच तर बिट्टूला कडेवर घेऊन चाला आणि शेरूला खालून पाहिजे तेवढं हुंगू द्या, तेही चालतं.

चार-पाच वेळा असं चालून झालं की घरात, आधी शेरू आत, मग बिट्टू, दोघांना पट्टा लावलेला पण जमिनीवर सुटा पडलेला, म्हणजे वेळ आली तर धरता येतो. पाच मिनिटं. खरंच पाचच, सगळं छान चाललंय म्हणून अर्धा तास केलात की विसाव्या मिनिटाला बिनसणार.

बघायचं काय तर अंग. शेपूट हलतेय म्हणजे खूश हा मोठा गैरसमज आहे, शेपूट वर ताठ आणि टोकच थरथरतंय तर तो खूश नाहीये. तोंड मिटलेलं, अंग दगडासारखं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, काही खाल्लेलं नसताना ओठ चाटतोय, झोप आलेली नसताना जांभई देतोय, हे सगळं गुरगुरण्याच्या आधीचं बोलणं आहे आणि इथेच पिल्लाला बाजूला केलंत तर पुढचं काही होतच नाही. मऊ ढिलं अंग, वाकडीतिकडी चाल, पुढचे पाय पसरून ढुंगण वर करणं, हे खेळायचं बोलावणं. पाठीवरचे केस उभे राहिले तर लगेच घाबरू नका, नुसत्या एक्साइटमेंटने पण राहतात, बाकीचं अंग बघा. आणि शेरूने एकदा भॉक करून हवेत दात आपटले, पिल्लू क्यँव करून मागे झालं, आणि शेरूने लगेच सोडून दिलं, तर ती शिकवण आहे, तिच्यात पडू नका. पिल्लू मागे होऊनही शेरू सोडत नाहीये, किंवा पिल्लू दहा वेळा सांगूनही परत परत जातंय, तर मात्र तुम्ही उठायचं. बिट्टूला वळण लावायचं काम शेरूचं नाही, तुमचं आहे, हे फार लोक विसरतात आणि थोरल्याला फुकटचा पाळणाघरवाला करून टाकतात.

गादी, भांडं, खेळणी. शेरूची गादी अशा जागी न्या जिथे पिल्लाला जाताच येणार नाही. जेवण वेगळ्या खोल्यांत, दार बंद करून, आणि झालं की भांडी उचलून टाकायची. पिल्लाचं खाणं जास्त कॅलरीचं असतं, ते शेरू रोज चाटून-पुसून खायला लागला तर महिन्या-दोन महिन्यांत वजन वाढेल आणि ते परत त्याच्या कंबरेवर येईल.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगते म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल. आमची तांबू दहा वर्षांची होती तेव्हा गोट्या आला. इतक्या लोकांना शिकवलेलं, त्यामुळे मला वाटत होतं मला सगळं येतं. सहाव्या दिवशी दोघं इतके छान होते की मी कौतुकाने दोघांना एकाच खोलीत एकेक चघळायचं हाड दिलं आणि फोन घ्यायला आत गेले. फोन उचलायच्या आत ओरडणं ऐकू आलं. गोट्याचा कान फाटला, तीन टाके. तांबू पलंगाखाली जाऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर येईना, पाणीसुद्धा तिथेच नेऊन द्यावं लागलं. चूक ना तिची ना त्याची, शंभर टक्के माझी. त्यानंतर आमच्याकडे चघळायची वस्तू म्हणजे दार बंद, हा नियम, आजही.

अजून एक, पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपायला पाहिजे. संध्याकाळी बिट्टू वेड्यासारखा धावतो, चावतो, ऐकतच नाही, तेव्हा तो खेळायच्या मूडमध्ये नसतो, त्याची झोप झालेली नसते, लहान मुलांचं होतं तसंच. तासभर जागं ठेवा, मग क्रेटमध्ये झोप, परत तासभर. यात शेरूची निम्मी कटकट आपोआप मिटते. आणि तो झोपलेला असताना शेरूला एकट्याला घेऊन बाहेर जा, जशा आधी जायचात तशाच, त्याच वेळेला त्याच रस्त्याने. मुलगी पिल्लाशी खेळते ना, मग शेरूचा हा वेळ तिलाच द्या, तिला त्याची बाजू घ्यायचीच आहे.

किती दिवस लागतील ते मला विचारू नका, कोणाचं आठवड्यात जमतं, कोणाचं तीन महिन्यांत, आणि काही थोरले शेवटपर्यंत धाकट्याला नुसतं सहन करतात, शेजारी झोपत नाहीत, खेळत नाहीत, एका घरात शांतपणे राहतात. त्यालाही मी जमलंच म्हणते. पिल्लू परत द्यायचं की नाही हे आज ठरवू नका, आधी डॉक्टरांकडून या आणि तीन आठवडे हे करून बघा. शेरूचं वजन कमी होत गेलं, तो खोलीतून बाहेरच येईना, किंवा चावून जखम झाली, तर मात्र लाज वाटून न घेता परत लिहा. कधी कधी पिल्लाला दुसरं चांगलं घर बघणं हेच दोघांच्या भल्याचं असतं, त्यात पाप काही नाही.

प्रश्न : आमच्याकडे सहा वर्षांची कुत्री आणि चार महिन्यांचं पिल्लू आहे. एक ट्रेनर लावला, तो म्हणाला मोठी अल्फा आहे म्हणजे कळपाची म्होरकी, तिच्यावर तुम्ही अल्फा व्हा, आणि पिल्लाला रोज पाठीवर उलटं पाडून धरून ठेवा म्हणजे त्याला त्याची जागा कळेल. पंधरा दिवस केलं. आता पिल्लू माझा हात पुढे आला की शू करतं. काय करू?
— एक गोंधळलेला

उत्तर : दादा, आज बंद करा, उद्यापासून नाही, आज.

हे अल्फाचं खूळ आलं कुठनं ते ऐका. 1947 साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस अभ्यासकाने प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं, बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले लांडगे, त्यांच्यात मारामाऱ्या होणारच, त्यातून वरचा-खालचा हे चित्र तयार झालं. मग 1970 मध्ये डेव्हिड मीच या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या पुस्तकाने ते घराघरात गेलं. पुढे याच मीचने जंगलातल्या लांडग्यांमागे वर्षानुवर्षं घालवली आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं की जंगलात कळप म्हणजे बहुतेकदा एक कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची पोरं, कोणी मारामारी करून अल्फा बनत नाही, तो फक्त बाप असतो. ज्याने पसरवलं त्यानेच मागे घेतलं तरी ट्रेनर लोक अजून तेच विकतायत. आणि तुमची कुत्री लांडगा पण नाही.

पिल्लाला तुमचे हात परत आवडायला लावायचे. जमिनीवर बसा, त्याच्याकडे न बघता, तळहातावर खाऊ, ते आलं तर आलं. हाताने पकडायचं नाही, हातातून द्यायचं, दिवसातून बऱ्याच वेळा, थोडं थोडं. शू केली तर पुसून टाका, तोंडातनं शब्द काढू नका, भीतीने होतेय ती. मोठीला आधी खायला देताय तर देत राहा, त्याचा रँकशी संबंध नाही, तिला थांबायचं कळतं आणि तिचं आटपलं की तुम्ही पिल्लाकडे नीट लक्ष देऊ शकता एवढंच. चार महिन्यांचं आहे म्हणजे दुधाचे दात पडायला लागले असतील, हिरड्या शिवशिवत असतात, जे दिसेल ते चावणार, मोठीच्या पायासकट. थंड चघळायची खेळणी द्या. आणि ट्रेनर बदला.

प्रश्न : माझी पॉमेरेनियन अकरा वर्षांची, तीन किलो. मुलाने पाच महिन्यांचं मोठ्या जातीचं पिल्लू आणलं, आत्ताच सतरा किलोचं आहे. मुलगा म्हणतो आई, खेळतायत ते, तू उगाच घाबरतेस. मला कळत नाही खेळतायत की काय.
— पिंकीची आजी

उत्तर : आजी, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. तीन किलोवर सतरा किलो प्रेमाने जरी पडले तरी हाड मोडू शकतं, त्यासाठी भांडण व्हायची गरज नाही.

खेळ आहे की छळ हे बघायची एक सोपी युक्ती सांगते, मुलाला समोर बसवून करून दाखवा. दोघांचं चालू असताना पिल्लाला पट्ट्याने धरून ठेवा आणि पिंकी काय करते ते बघा. ती अंग झटकून परत त्याच्याकडे गेली, त्याला डिवचलं, तर खेळ. ती संधी मिळाल्यासारखी सोफ्याखाली पळाली तर तो खेळ नव्हता, तो एकट्या पिल्लाचा खेळ होता. खऱ्या खेळात पाळ्या बदलतात, कधी हा वर कधी तो, मोठा मुद्दाम खाली लोळतो, मधेमधे दोघं थांबून दम घेतात. तुमच्या घरी नेहमी एकच पळतंय आणि एकच पाठलाग करतंय असं असेल तर मुलाला सांगा की आजीने लिहून विचारलं आणि उत्तर असं आलंय. पिंकीला उंचावर जायला पायऱ्या करून द्या, आणि मोकळं सोडायचं ते पिल्लू दमून आल्यावरच, तेही कोणीतरी शेजारी बसलेलं असताना.

प्रश्न : माझ्याकडे दोघी कुत्र्या आहेत, आठ वर्षांची आणि चौदा महिन्यांची. लहान होती तोवर सगळं छान होतं, गेल्या दोन महिन्यांत तीनदा भांडल्या, शेवटच्या वेळी रक्त निघालं, सोडवायला गेले तर माझ्या हाताला चावा बसला. घरचे म्हणतात एकदा होऊन जाऊ दे, आपापसात मिटवतील.
— दोघींची ताई

उत्तर : आधी हात. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचा असतो, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे, घरच्याच आणि लस दिलेल्या कुत्रीने चावलं असलं तरीही. केलं नसेल तर हे पान बाजूला ठेवून आत्ता जा.

घरच्यांचं ऐकू नका. मिटवत नाहीत, प्रत्येक भांडणातनं पुढचं भांडण सोपं होतं, आणि दोघी माद्यांचं एकदा पेटलं की ते बहुतेकदा नर-मादीच्या भांडणापेक्षा जास्त लागतं. पिल्लू लहान असतं तोवर बरेच थोरले कानाडोळा करतात, ते वयात आलं की ती सूट संपते, आणि चौदा महिने म्हणजे भर टीनएज. दोघींना आज वेगळं करा, दोन खोल्या, मधे दार, फक्त गेट पुरणार नाही. दोघींनाही डॉक्टरकडे, आठ वर्षांचीला काही दुखतंय का, थायरॉइड वगैरे, आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर भांडणं हीटच्या, म्हणजे माजाच्या दिवसांच्या, आसपास होतायत का हे कॅलेंडरवर मांडून बघा. त्यानंतर कुत्र्यांच्या वागणुकीचं काम करणारा माणूस प्रत्यक्ष घरी आला पाहिजे, हे पत्रातनं सुटणारं नाही.

आणि परत कधी लागल्याच तर हात मधे घालायचा नाही. मोठा आवाज करा, भांडं आपटा, पाण्याची बादली टाका, जाड ब्लँकेट दोघींवर फेका, खुर्ची किंवा पुठ्ठा मधे सारा. दोन माणसं असतील तर दोघांनी एकेकीचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलून सरळ मागे ओढायचं, पण सोडून लगेच दार बंद करता येणार असेल तरच, नाहीतर ती वळून तुम्हालाच चावेल. जिथे जिथे भांडण झालं ती जागा लिहून ठेवा. माझी पैज आहे, दारात, सोफ्यापाशी, किंवा तुमच्याच पायाशी.

प्रश्न : थोरला सात वर्षांचा, पिल्लू पाच महिन्यांचं, दोघांचं मस्त जमतंय. दोघांना एकत्र घरी ठेवून बाहेर कधी जाता येईल?
— ऑफिसला उशीर होणारी

उत्तर : इतक्यात नाही. पाच महिन्यांचं पिल्लू आज जसं आहे तसं आठव्या महिन्यात नसतं, त्यामुळे तोवर बाहेर जाताना दोघं वेगळ्या खोल्यांत. आणि नर-मादी असतील आणि ऑपरेशन झालेलं नसेल तर सहाव्या महिन्यापासून पिल्लूच हीटवर येऊ शकतं, त्याचं डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. मग कचऱ्यापर्यंत जाऊन या, मग दहा मिनिटं, मग अर्धा तास, खाण्याचं आणि चघळायचं सगळं उचलून ठेवून, आणि जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावून.

आम्ही तांबू आणि गोट्याला पहिल्यांदा एकत्र सोडलं ते गोट्या नऊ महिन्यांचा झाल्यावर, चाळीस मिनिटं. जिवाचा नुसता घोर. परत येऊन कॅमेरा बघितला तर एकोणचाळीस मिनिटं तांबू दाराशी घोरत होती आणि गोट्या माझी एक चप्पल उशाला घेऊन तिच्यापासून हातभर लांब पडलेला, आणि चाळिसाव्या मिनिटाला किल्लीचा आवाज आल्यावर त्याने ती चप्पल हळूच तिच्यापुढे सरकवली.